दादबा सांबराचा अभिप्राय

एका जंगलात, बाळांनो, दादबा नावाचा एक सांबर राहत होता. शिंगं ही एवढी मोठी, पण स्वभाव महाभिडस्त. झाडाला अंग घासायचं असलं तरी आधी झाडाकडे बघून ओशाळवाणं हसायचा.

दादबाला आयुष्यात एकच गोष्ट पाहायची होती. राजधानीत राजाचा शिकारखाना आहे आणि तिथल्या भिंतीवर आपल्या बाबांचं डोकं लावलंय, असं त्याच्या कानावर आलं होतं. बाबा गेले तेव्हा तो पाडस होता. त्यांचा चेहरा त्याला नीट आठवत नसे, आणि हे त्याला फार लागायचं.

अशात जंगलाची सहल राजधानीतलं संग्रहालय पाहायला निघाली. एकाच दिवसाची. संध्याकाळी पाचला सगळी संग्रहालयं बंद होत, म्हणजे पाहून होणार ते एखादंच. सहलीचे प्रमुख होते संपतराव कोल्हे. सोबत यमूताई साळिंदर, दामूअण्णा रानडुक्कर आणि आपला दादबा.

सकाळी नऊला मंडळी वेशीजवळच्या पारावर टेकली.

"बोला, कुठे जायचं?" संपतरावांनी विचारलं.

"माझं मेलीचं काय! मला कुठलंही चालेल," यमूताई म्हणाल्या.

"तुम्ही न्याल तिथे," दामूअण्णा म्हणाले.

"दादबा, तुझं काय?"

दादबाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण चारचौघांत घरचं दुखणं कशाला काढायचं? "सगळ्यांचं तेच माझं," तो म्हणाला.

ज्यांना कुठलंही चालतं ना बाळांनो, त्यांना काहीच चालत नाही. संपतरावांनी शस्त्रागार सुचवलं. यमूताईंना टोकदार वस्तूंचा वीट आला होता. त्यांनी वस्त्रांचं संग्रहालय काढलं. "कपडे बघायला एवढ्या लांब यायचं?" दामूअण्णा उघड्या अंगाने म्हणाले. त्यांना भांड्यांचं संग्रहालय हवं होतं. तिथली भांडी रिकामी असतात असं कळल्यावर त्यांनी आपली सूचना आपणच मागे घेतली.

मग संपतरावांनी पिशवीतून अभिप्राय काढले. राजधानीतल्या साळुंक्या सगळीकडे हिंडतात आणि प्रत्येक ठिकाणाला चांदण्या देतात.

"शस्त्रागार. तलवारी बऱ्या, पण चहा मिळत नाही. दोन चांदण्या," संपतराव वाचू लागले. "शिकारखाना. प्राणी अगदी जिवंत वाटतात. पाच चांदण्या!"

दादबाने कान टवकारले.

"पाचच्या पाच? म्हणजे ओळखीतल्या साळुंक्या असणार," यमूताई म्हणाल्या. शिकारखाना यादीतून उडाला.

वाद घालता घालता शिदोरी सुटली. शिदोरीनंतर डुलकी झाली. डुलकीनंतर वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. पावणेपाच वाजले तेव्हा दादबाचा धीर सुटला.

"शिकारखान्यात माझे बाबा आहेत," तो म्हणाला.

मग तिघंही एकदम ओरडले, "अरे, मग आधी नाही का सांगायचं!" आणि चौघंही शेपट्या वर करून पळत सुटले.

शिकारखान्याच्या दारात पहारेकरी होता. त्याने दादबाला शिंगांपासून खुरांपर्यंत न्याहाळलं.

"पाहायचं असेल तर पाच मिनिटं आहेत," तो म्हणाला. "राहायचं असेल तर भिंतीवर जागा आहे."

भिंतीवर बाबा होते. दादबाने त्यांना लगेच ओळखलं. पाणी प्यायला वाकल्यावर रोज तोच चेहरा त्याला दिसायचा. तो ढसाढसा रडला. यमूताई त्याला जवळ घ्यायला गेल्या आणि आपले काटे आठवून थांबल्या.

खाली पाटी होती : 'सांबर. भित्रा प्राणी. संकट दिसताच पळतो.'

"हे खोटं आहे!" दादबा म्हणाला. चांगलं मोठ्याने, आणि आयुष्यात पहिल्यांदा. "कुत्रे आले तेव्हा बाबा थांबले. म्हणून आम्हाला पळता आलं."

पहारेकऱ्याने जांभई देत वही पुढे सरकवली. "जे काय असेल ते इथे लिहा."

दादबाने लिहिलं : 'पाटी चुकीची आहे. माझे बाबा पळाले नव्हते.'

पाटी अजून तीच आहे.

तात्पर्य : संग्रहालय निवडताना आधीच्या पाहुण्यांचे अभिप्राय जरूर वाचावेत. मात्र ज्यांच्या घरचं कुणी तिथल्या भिंतीवर असेल, त्यांचे अभिप्राय धरू नयेत. ते निःपक्षपाती नसतात.