देशुनचं चालणं आणि गावाची सावड

ल्याओ देशुनच्या पायाचं बोट काळं पडलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "साखर फार वाढलीय. रोज संध्याकाळी भरभर चाला, नाहीतर बोट जाईल." त्याची बायको ग्वेयिंग घरी येईपर्यंत डोळे पुसत होती. देशुनच्या थोरल्या भावाचं असंच बोटापासून सुरू झालं होतं, आणि वर्षाच्या आत तो गेला.

चालायचं, पण कसं? जन्मभर चिखलात वाकून भात लावलेला माणूस (आता लावणी यंत्र करतं आणि वाकलेली माणसं दारात बसून असतात) रिकाम्या हातांनी फिरताना दिसला, तर गाव म्हणणार, बायकोनं हाकलला. म्हणून देशुननं खांद्यावर कुदळ टाकली. झालं, तिथंच माशी शिंकली!

"दादा, कुदळ घेऊन एकटेच?" शेजारचा फंग ओरडला. "आम्ही काय मेलोय का?"

त्या गावात एकट्यानं लावणी कुणी केलीच नव्हती. आज तुझं शेत, उद्या माझं. सावड म्हणजे सावड. यंत्र आल्यापासून मात्र कुणी कुणाला हाक मारली नव्हती. बघता बघता गावातले सगळे म्हातारे कुदळी घेऊन हजर झाले.

"बोला, काय करायचंय?"

"बांध... बांध जरा खचलाय," देशुन चाचरला. (बांध बिचारा धडधाकट होता.)

"मग तुम्ही बसा. आजारी माणसानं राबायचं आणि आम्ही बघायचं?"

"अरे, पण मला चालायचंय!"

"बसा हो! आम्ही चालतो ना."

बांध झाला, मग पाट झाला, मग रस्ता. रोज गाव घाम गाळी आणि देशुन कडेला बसून राही. सावडीला आलेल्यांना उपाशी कसं धाडायचं? ग्वेयिंग डुकराचं चरबीदार मटण, भात, तांदळाची दारू मांडायची. आणि यजमानानं बरोबरीनं खायचं ही रीत.

"तुम्ही नका ना खाऊ," ती कानाशी लागून म्हणायची.

"मी हात आखडला तर ते उठतील गं." किती वर्षांनी अंगणात माणसं हसत होती! त्यांना उठवणं देशुनच्या जिवावर यायचं.

कापणीपर्यंत फंगची ढेरी गेली. देशुनचं बोट गेलं.

इस्पितळात गावानं खाटेभोवती गर्दी केली. ग्वेयिंग भिंतीकडे तोंड करून रडत होती. देशुनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"फंग, तुमची सगळ्यांची सावड अंगावर राहिली रे. आता कशी फेडू?"

फंगनं पट्टी बांधलेल्या पायाकडे पाहिलं. मग प्रेमानं पांघरूण सारखं करत म्हणाला, "घाई नाही, दादा. दुसरा पाय आहे ना अजून."