पोहणं मी शेवटी ठेवलं

त्या दिवशी सकाळी मी दूध आणायला गेले नसते तर पुढचं काहीच झालं नसतं. एरवी दुधाचं काम ह्यांचं. पण त्या दिवशी ह्यांच्या क्लासमध्ये टेस्ट होती, आणि टेस्टच्या दिवशी आनंदराज सर दूध, भाजी, बायको असल्या किरकोळ गोष्टींकडे बघत नाहीत. (लातुरात बायोलॉजी शिकवणाऱ्या माणसाला केवढा मान असतो. घरात तो कोण देतं, ते विचारू नका.)

तर मी गेले. डेअरीच्या शटरवर एक कागद चिकटवला होता. आपल्या लातुरात ट्रायथलॉन, छोटी, हौशी लोकांसाठी. पोहणे, सायकल, पळणे. खाली ठळक अक्षरात : वयाची अट नाही.

'वयाची अट नाही' असं वाचलं की माझं काय होतं कोण जाणे. याच शब्दांवर भुलून मी एम.ए.ला बाहेरून बसले (पहिलं वर्ष झालं, दुसरं राहिलं), शिवणक्लास लावला (ब्लाऊजला एक बाही लागली), कार शिकले (पुढं नेता येते, मागं घेता येत नाही). पंचायत समितीत क्लार्कची नोकरी तेवढी मी नेटानं करते, कारण ती मध्येच सोडायची तर अर्ज द्यावा लागतो, आणि तो मी अर्धा लिहून ठेवलाय.

हे सगळं आदल्या रात्री जेवणाचं ताट द्यायला दाराशी गेले तेव्हा यशूनं मला ऐकवलं होतं. यशोधरा, आमची एकुलती एक. डॉक्टरीची परीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळेला थोडक्यात हुकली. यंदा तिनं पुस्तक उघडलं नाही. खोलीचं दार मात्र आतून लावून घेतलं. तिला तिसऱ्यांदा बसायचंय का दुसरं काही करायचंय, ते बापाला विचारायची हिंमत नाही आणि आईला उत्तर मिळत नाही. दोन महिने ताट आत जातं, रिकामं बाहेर येतं. पोरगी तेवढी बाहेर येत नाही.

मी म्हटलं, "यशू, काय वाटंल ते कर गं. पण एक काहीतरी धर अन् शेवटपर्यंत ने."

ती म्हणाली, "आई, तू कुठली गोष्ट शेवटपर्यंत नेलीस?"

मी ताटात आमटी वाढली. दुसरं काय करणार.

पण सकाळी तो कागद बघितला आणि दुधाची पिशवी घेऊन मी थेट तिच्या दारापुढं उभी राहिले. "हे बघ. ही ट्रायथलॉन मी पुरी केली, तर तू खोलीबाहेर यायचं आणि तुझं काय ते ठरवून सांगायचं. काहीही ठरव. नाही पुरी झाली तर मी जन्मात तुला उपदेश करणार नाही."

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "पोहायला येतं का तुला?"

"शिकेन."

"मग चालंल," यशू म्हणाली. मला वाटलं ती हसली. दाराआडून नीट कळत नाही.

आता पळण्याचं म्हणाल तर माझा अनुभव दांडगा नाही. कॉलेजात शिकत होते तेव्हा, त्या मोठ्या भूकंपाच्या पहाटे, उशी काखेत मारून घरातून जी पळाले ती शाळेच्या मैदानावर जाऊन थांबले. त्यानंतर पळाले ती अहमदपूरच्या एसटीमागं, लग्नाला पोचायचं होतं म्हणून. (माझंच होतं.) सायकल मात्र येते. राहता राहिलं पोहणं.

आमच्या नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, तेही आल्यासारखं करतं. त्यामुळं एके ठिकाणी एवढं पाणी बघितलं की माझ्या मनात पोहायचं येतच नाही, भरून ठेवायचं येतं. स्विमिंग पुलाच्या काठावर पहिल्या दिवशी मी जी पाय सोडून बसले ती बॅच संपेपर्यंत बसूनच राहिले.

बायकांची बॅच सालेहाआपा घेतात. आमच्याच गल्लीतल्या, पन्नाशीच्या, आवाज असा की पलीकडच्या काठावरची बाई दचकून दोन हात जास्त मारते.

"धम्माबाई, पानी काय खातंय का तुला?"

"आपा, मला खाली काही लागत नाही."

"लागंल कसं? लागलं तर त्याला चालणं म्हणतात. सोड दांडी."

महिनाभरात मी दांडी सोडली. अजून एका महिन्यात इकडून तिकडं जायला लागले. पोहणं म्हणा नाहीतर बुडायला नकार म्हणा. पण स्पर्धेत अशा आठ फेऱ्या मारायच्या होत्या आणि माझ्या कशाबशा चार व्हायच्या.

इथं आमच्या ह्यांनी लक्ष घातलं. बायको काहीतरी परीक्षा देतीय म्हटल्यावर माणूस एकदम जिवंत झाला. भिंतीवर टाइमटेबल लागलं. पहिले दोन आठवडे नुसती थिअरी. मी पोळ्या लाटताना हे मागं उभं राहून विचारायचे, "श्वास आत घेताना डायफ्रॅम वर जातो का खाली?"

"खाली."

"शाबास. आता हेच पाण्यात लक्षात ठेव."

(पाण्यात मला माझं नाव लक्षात राहत नव्हतं.)

आणि रोज झोपताना तो एक मंत्र. गेली वीस वर्षं हे पोरांना सांगत आलेत : पेपर हातात पडला की सोपा विषय आधी सोडवायचा. आत्मविश्वास येतो, हात चालतो. अवघड आहे ते शेवटी. "अवघडात आधी अडकला तो गेला. कितीतरी हुशार पोरं अशी गेलीत."

लातुरात राहून हे कुणाला पटणार नाही? आमच्या गावात लोक पंगतीत बसले तरी आधी सोपं काय ते बघतात.

स्पर्धेच्या सकाळी पुलावर ही गर्दी. पूल लहान, म्हणून पोहणं बॅचनं ठेवलेलं. आधी तरुण पोरं, मग मोठी माणसं, बायका शेवटी. स्पर्धेचे प्रमुख रेवणप्पा सर, शाळेतून रिटायर झालेले पीटीचे शिक्षक, आत सगळ्यांना नियम समजावून सांगत होते. आम्ही दोघं बाहेर, सायकलीपाशी. कारण ह्यांना लास्ट मिनिट टिप्स द्यायच्या होत्या.

"तुझी बॅच कधी?"

"सगळ्यात शेवटी. पाऊण तास तरी लागंल."

हे घड्याळाकडं बघत म्हणाले, "पाऊण तास नुसतं बसून राहणार? तोवर सोपं सोडवून टाक की."

मी म्हटलं, "चालतं का तसं?"

"तीन विषय आहेत. तीन पुरे करायचे. अमुक आधी कर, असं त्या कागदावर कुठं लिहिलंय?"

खरंच लिहिलेलं नव्हतं. (जेवायच्या ताटावरही लिहिलेलं नसतं, आधी पोळी तोडा मग तोंड उघडा.) पण खरं सांगू का, सायकल समोर होती, पाणी भिंतीपलीकडं होतं, आणि माणूस सोयीचं ते लगेच मानतो. मी टांग मारली.

सायकलचा भाग झकास झाला. रस्ता मोकळा, पुढं कुणी नाही, मागं कुणी नाही. पहिल्या चौकात टी-शर्ट घातलेली कार्यकर्ती पोरं गप्पा मारत उभी होती. मला बघून त्यांनी शिट्ट्या मारल्या. "पहिली आली रे. लेडीज हाय. लेडीज पहिली हाय."

मला आश्चर्य वाटलं, नाही असं नाही. पण मग वाटलं, दोन महिने मेहनत घेतली आहे आपण, थिअरीसकट. पोरं काय, मोबाइल बघत बसतात.

सायकल ठेवून पळायला लागले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आले तर रस्त्यावर रांगोळी. महिला मंडळ हजर. पुढं नीलम्माकाकू, हातात शाल, नारळ आणि कुंकवाची वाटी. पहिली लेडीज कोण, ती बातमी फोनवरून माझ्याआधी पळत आली होती.

"काकू, मी थांबू शकत नाही," मी जागच्या जागी उड्या मारत म्हटलं.

"थांबू नको. कोण म्हणलं थांब? नुसती उभी राहा."

"टायमिंग जातंय ओ."

"पहिली आलीस न्हवं? मग कशाला पळलालीस एवढं? खाली वाक."

सत्काराला नाही म्हणायची आमच्याकडं पद्धत नाही. शाल अंगावर पडली, नारळ हातात आला, कुंकू घामातून नाकावर. कुणीतरी दोन शब्द बोलायला सांगितलं. मी दोन बोलले. (मंडळाच्या सेक्रेटरी मात्र चाळीस-पन्नास बोलल्या.) मग नारळ काखेत धरून पुढं पळाले. उशी घेऊन पळायची सवय होती म्हणून जमलं.

पुलाच्या फाटकात दोन पोरींनी फीत धरली होती. हलगी वाजायला लागली. मी शालीसकट फितीत शिरले. हे टाळ्या वाजवत उभे होते. आणि त्यांच्या मागं, चार महिन्यांत पहिल्यांदा उन्हात आलेली यशू. डोळे बारीक करून बघत होती माझ्याकडं. मला तर वाटलं जिंकले.

रेवणप्पा सर जवळ आले. माझ्याकडं बघितलं. मग माझ्या डोक्याकडं बघत राहिले.

"बाई, तुमचे केस कोरडे कसे काय?"

"पोहणं मी शेवटी ठेवलंय, सर."

"शेवटी म्हणजे?"

"सोपं आधी सोडवलं."

हलगीवाल्याला कुणीतरी हात करून थांबवलं. रेवणप्पा सरांनी तोंडातली शिट्टी काढून खिशात ठेवली, पुन्हा बाहेर काढली.

हे पुढं सरसावले. "सर, तीन सेक्शन आहेत. क्रमाची सक्ती कुठं नमूद नाही. विद्यार्थ्याला बेनिफिट ऑफ डाऊट..."

"आनंदराज सर," रेवणप्पा शांतपणे म्हणाले, "तुम्ही बायोलॉजी शिकवता. बेडकाला आधी पाय फुटतात का शेपटी?"

ह्यांनी वर केलेलं बोट खाली घेतलं. विषय त्यांचाच निघाला.

"बाईंना बाद करावं लागंल," सर म्हणाले. "नंबर नाही, मेडल नाही."

लोक हसले. हसू द्या, मीही हसले असते. पण मी यशूकडं बघितलं. ती हसत नव्हती. ती फाटकाकडं वळली होती, घरी जायला वळतात तशी. आणि मला कळलं की ती खोलीत शिरली, की यावेळी ताटसुद्धा दाराबाहेर ठेवावं लागणार.

"सर," मी म्हटलं, "नंबर राहू द्या. पाणी आहे ना अजून आत?"

"आहे की. पण मोजायला कुणी नाही. स्पर्धा पोहण्यापासून सुरू होते, बाई."

"तुम्ही नका मोजू. मला पुरं करायचंय."

सालेहाआपा आतून आल्या. त्यांनी माझी शाल काढली, नारळ ह्यांच्या हातात दिला, आणि म्हणाल्या, "उलटा पेपर सोडवलास काय? चल. दोरी धरून दम घ्यायला परवानगी हाय. चालायला न्हाई."

आता विचार करा. सायकल झालेली, पळणं झालेलं, सत्कार झालेला (तोही दमवतो), आणि मग पाणी. पोहणं पहिलं का ठेवतात, ते मला दुसऱ्या फेरीत समजलं. पायाचे गोळे असे आवळले की जणू कुणी खालून धरून ठेवलंय. डायफ्रॅम वर होता का खाली, देवाला माहीत.

"वेळेकडं लक्ष दे," हे काठावरून ओरडले, काखेत नारळ.

"बाबा, तुम्ही गप्प बसा." हा आवाज यशूचा.

चौथ्या फेरीला मी दोरी धरली. आजवर चारच झाल्या होत्या. हात सुटेना. डोक्यात तो माझा नेहमीचा गोड विचार आला, की अर्धं झालं, तेही काही कमी नाही.

यशू काठावर उकिडवी बसली. चार महिन्यांत ती इतक्या जवळून माझ्याशी बोलली नव्हती.

"दमलीस?"

"हाव."

"सोडायचंय?"

मी तिच्याकडं बघितलं. "तू सांग, तू सोडायचं म्हणतीस का?"

"मी काठावर चालते," ती म्हणाली. "तू माझ्याकडं बघत ये. पाण्याकडं बघू नको."

ती चालली, मी आले. ती वळली, मी वळले. (गोगलगाय वळते तशी, पण वळले.) तिकडं मेडलं वाटून झाली, नाश्त्याची पोह्यांची कढई रिकामी झाली, लहान पोरांची बॅच हवेच्या ट्यूबा घेऊन काठावर येऊन बसली आणि "बाई कधी निघणार" म्हणून विचारायला लागली. आठव्या फेरीला माझा हात भिंतीला लागला तेव्हा त्याच पोरांनी टाळ्या वाजवल्या, एकदाचा पूल मोकळा झाला म्हणून.

यशूनं आणि आपांनी मला ओढून वर घेतलं. मी फरशीवर आडवी झाले. आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट पुरी झाली होती, क्रम सोडला तर. रेवणप्पा सर जाता जाता थांबले, शिट्टी वाजवली आणि गेले. ते मेडलच समजते मी.

"आता सांग," मी यशूला म्हटलं. "ठरल्याप्रमाणं. काय करायचंय तुला?"

यशूनं बापाकडं बघितलं, मग आपांकडं. आपांनी मान हलवली.

"नांदेडला नर्सिंगला जाणार आहे मी. ठरलंय माझं. मला सलाईन लावायला आवडंल, पेपर सोडवायला नाही."

मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी नारळ या काखेतून त्या काखेत घेतला. मग म्हणाले, "नर्सिंगला बायोलॉजी पक्की लागते. ती तुझी आहे." एवढंच. पण त्या माणसानं एवढं म्हणायला वीस वर्षांचं टाइमटेबल बाजूला सारलं होतं.

मला रडू आलं. पाण्यानं भिजलेल्या माणसाचं कळून येत नाही, ते एक बरं.

"पण कधी ठरवलंस गं?" मी विचारलं. "आत्ता? मी पोहत होते तेव्हा?"

"न्हाई. तू आपांकडं पोहायला लागलीस त्याच आठवड्यात. आपांना फोनवर सांगितलं होतं मी."

मी उठून बसले. दोन महिने नाकातोंडात पाणी, पहाटेची बॅच, पायाचे गोळे, अख्ख्या गल्लीसमोर शाल.

"अगं मग मला का नाही सांगितलंस?"

यशूनं टॉवेल माझ्या डोक्यावर टाकला आणि खसाखसा पुसायला घेतला.

"सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर तू दुसऱ्या दिवशी आली असतीस का इथं?"