नदीवरची एक वीत

एका सकाळी अकरा गुन्हे पकडणारा अधिकारी आमच्या प्रादेशिक परिषदेच्या इतिहासात एकच झाला. तो मी. हा विक्रम अजून अबाधित आहे आणि तो कुणी मोडू नये म्हणून परिषदेने नंतर लेखी सूचनाही काढली.

गोष्ट न्यूझीलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरची, मी तेवीस वर्षांचा असतानाची. वसंतात आमच्या नदीत समुद्राकडून व्हाइटबेट चढते. काडीएवढी, काचेसारखी मासळी. ओंजळभर जमली की अंड्यात कालवून एक धिरडं होतं. ती धरायला काठावरून पाण्यात लाकडी मचाण काढायचं आणि टोकाशी जाळं सोडून बसायचं. मचाणाला परिषदेचा परवाना लागतो आणि परवान्याची मुख्य अट अशी, की मचाण काठापासून चार मीटरच्या पुढे जाता कामा नये. गेलं तर सात दिवसांत कापायचं, नाहीतर परवाना रद्द. नव्या परवान्यासाठी प्रतीक्षायादी एकोणीस वर्षांची. आमच्याकडे माणसं घटस्फोटात घर सोडतात, मचाण सोडत नाहीत.

आमच्या वळणावर बारा मचाणं. बारावं माझ्या आजोबांचं, म्हणजे क्लॅरींचं. अकरावं नायरीमावशीचं; मावशी नात्याने नव्हे, शेजाराने. माझं बालपण या दोन मचाणांच्या मध्ये गेलं. बसायचो आजोबांकडे, पण भूक लागली की मावशीकडे पळायचो, कारण मासळी तिच्याकडेच असायची. ती धिरडं तळून पावाच्या दोन तुकड्यांत दाबायची आणि म्हणायची, "जा, म्हाताऱ्याला विचार, वास तरी हवाय का."

आजोबांचं चाळीस वर्षं एकच म्हणणं. "तिचं मचाण माझ्यापेक्षा वीतभर पुढे आहे. डोळ्यांना दिसतंय." दर वर्षी ते हे परिषदेला पत्राने कळवत.

मला परिषदेत नोकरी लागली तेव्हा जॅनिनने, म्हणजे माझ्या साहेबीणबाईंनी, पहिल्याच आठवड्यात एक जाड फाईल माझ्यापुढे टाकली.

"चाळीस पत्रं. सगळी तुझ्या आजोबांची."

"मग मी कसा जाऊ? नातं आहे."

"दुसरं कुणी जायला तयार नाही. बाराही मोज आणि एकदाचा त्यांना शांत कर."

आजोबांनी त्या सकाळी मला स्वतःची पोलादी टेप दिली. "याच टेपने माझं मचाण बांधलंय. जपून वापर." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. परिषदेची टेप मी गाडीतच ठेवली.

परिषदेची पांढरी गाडी पुलावर चढली की अख्ख्या नदीला कळतं. मी पोचलो तेव्हा सगळे चर्चमध्ये बसल्यासारखे बसले होते. पहिलं मचाण मोजलं. चार मीटर वीस. दुसरं, चार वीस. पाचव्यापर्यंत मला नवल वाटायचं थांबलं आणि आठव्यापर्यंत खात्री पटली, की ही टोळी आहे. इतक्या लोकांनी सेंटिमीटरभरही फरक न करता एकच गुन्हा करायचा, म्हणजे त्यांच्या बैठका होत असणार. वहीत मी 'संघटित' असा शब्दही लिहिला.

अकरावं, चार वीस.

"हे माझ्या बापाने बांधलंय," नायरीमावशी म्हणाली. "चार म्हणजे चार."

"मावशी, टेप खोटं बोलत नाही."

"टेपला कुठलं तोंड, बाळा. तोंड तुला आहे."

मी नोटीस दिली. तिने ती घडी करून खिशात ठेवली, करवत आणली आणि माझ्यासमोर टोक कापायला बसली. चिडली असती तर बरं झालं असतं. कापून झाल्यावर तिने मला धिरडं दिलं. ते गिळताना मला जो त्रास झाला तो कुठल्याच नियमात बसत नाही.

मग बारावं. चार मीटर शून्य.

"बघ," आजोबा म्हणाले. ते नदीला ऐकू जावं इतक्या मोठ्याने म्हणाले.

आमच्या रस्त्यांवर समोरच्या गाडीला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार करतात. त्या आठवड्यात माझ्यासाठी एकही बोट उठलं नाही. दुकानात पाव मागितला तर बाई म्हणाली, "मोजून देऊ, की आजोबांची टेप आणलीस?"

सातव्या दिवशी जॅनिन खात्री करायला स्वतः आली, परिषदेची टेप घेऊन. पहिलं मचाण तीन ऐंशी. दुसरं तीन ऐंशी. सगळी तीन ऐंशी. मावशीचं तर तीन एकोणऐंशी.

"ही कापून चारवर यायला हवी होती ना?" जॅनिन म्हणाली. "बारावं मोज."

बारावं, तीन ऐंशी.

तिने आजोबांची टेप मागितली. टेपचा शेवट सगळे बघतात, सुरुवात कुणी बघत नाही. तिने बघितली. कडीला लागून पहिला आकडा होता एकवीस.

"ते होय," आजोबा म्हणाले. "टोक गाडीच्या दारात तुटलं होतं. मी कडी नवी बसवली. वीस वजा करायचे, हे माझ्या पक्कं लक्षात होतं."

"मग मचाण बांधताना केले का वजा?"

आजोबांनी टेप तिच्या हातातून काढून घेतली. "त्या दिवशी वारा फार होता."

म्हणजे त्यांची चाळीसही पत्रं खरी होती. मावशीचं मचाण वीतभर पुढेच होतं. त्यांचंच वीतभर मागे होतं.

नायरीमावशी हसत हसत फळीवर बसली. मग उठली, सरपणातून आपलाच कापलेला तुकडा काढून आणला आणि आजोबांच्या मचाणाच्या टोकाला ठोकला. "घे तुझी वीत, क्लॅरी. आता पत्रं बंद कर." परिषदेने अकरा जणांची माफी मागितली आणि त्यांच्या मचाणांना नव्या फळ्या बसवून दिल्या. ठोकायला मी होतो.

त्या हंगामात आजोबांना मासळी पूर्वीइतकीच मिळाली. त्यांचं शेवटचं पत्र माझ्याच टेबलावर आलं. 'नदीच तिच्या बाजूने वाहते, याची नोंद घ्यावी.' मी नोंद घेतली.

आता आजोबा नाहीत. त्यांचं मचाण माझ्या नावावर आहे आणि मोजायचं काम दुसऱ्या एका मुलीकडे. गेल्या आठवड्यात ती लेझरचं यंत्र घेऊन आली. चार मीटर एक सेंटिमीटर. तिने मला नोटीस दिली आणि 'यंत्र खोटं बोलत नाही' असंही सांगितलं.

"मावशी," मी हाक मारली, "तेव्हा किती कापलं होतंस?"

"एकवीस," ती शेजारून म्हणाली. ती आता पंच्याऐंशीची आहे. "म्हटलं परिषदेचं पोर आहे, परत येऊन आणखी एक मागेल."

मी रोज करवत घेऊन जातो, त्या तुकड्यावर पाय सोडून बसतो, आणि मावशीचं धिरडं खाऊन करवत तशीच परत आणतो. आज सहावा दिवस.