बिराजदार सरांची फाईल कुठवर आली

बिराजदार सर गणित शिकवायचे आणि त्यांना टक्केवारीचा तिटकारा होता. हलवायाला गोड आवडत नाही असं आपण ऐकतो, पण हलवाई ते गिऱ्हाइकाला सांगत बसत नाही. सर सांगायचे. वर्गात, स्टाफरूममध्ये, पालकांच्या तोंडावर. कुणी आई-वडील अभिमानानं म्हणाले, की आमच्या मुलाला ब्याण्णव टक्के पडले, तर सर चष्म्यावरून बघत विचारायचे, "शंभर कशाचे?" पालक गोंधळून एकमेकांकडे बघायचे आणि दहावीचे म्हणून सांगायचे. त्यावर सर म्हणायचे, "ते झालं हो. पण पोरगं कुठवर आलंय?"

आता असल्या माणसानं राहायला लातूर निवडावं, म्हणजे कमाल आहे. लातुरात बारशाला मुलाचं नाव ठेवतात आणि दहावी झाली की ते काढून टक्के ठेवतात. चौकाचौकात आमच्यासारख्या क्लासांचे फ्लेक्स. त्यावर मुलांचे फोटो, फोटोखाली ठळक टक्के, आणि जागा उरलीच तर बारीक अक्षरात नाव. इथं लग्नाच्या बोलणीतही मुलीच्या मामाला बारावीचे टक्के विचारतात. मामाचे.

अशा गावात सर उत्तरपत्रिकेवर आकडा नाइलाजानं टाकायचे आणि खाली आपला खरा निकाल लिहायचे. 'दाराशी आलास, कडी काढायची विसरलास.' 'रस्ता चुकलास, पहिल्या पायरीपाशी परत ये.' एका हुशार मुलीला त्यांनी लिहिलं होतं, 'लवकर पोचलीस, पण कोणत्या वाटेनं ते दिसलं नाही.' त्या मुलीचे वडील भांडायला आले होते. सरांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि तेच गणित सोडवायला दिलं. ते पुन्हा आले नाहीत.

मी धर्माबादची. नांदेडला संगणक शिकले आणि नोकरी लागली ती लातूरच्या या क्लासात. तेव्हा नांदेडच्या मैत्रिणींनी अभिनंदन करायच्या आधी तिकडे नळाला पाणी कधी येतं ते विचारलं होतं. क्लासाच्या माहितीपत्रकात 'अत्याधुनिक डिजिटल विभाग' असा उल्लेख आहे, तो माझा. म्हणजे जिन्याखाली एक टेबल, एक भला मोठा पडदा आणि मी.

संचालकांनी नांदेडला शाखा काढली होती. इमारत मिळाली, बाकं मिळाली, विद्यार्थी तर रांगा लावून मिळाले. फक्त गणिताचा माणूस मिळेना. मग असं ठरलं, की बिराजदार सरांचे तास लातुरात कॅमेऱ्यानं टिपायचे, ते क्लासच्या वेबसाइटवर चढवायचे आणि नांदेडच्या मुलांनी ते पडद्यावर बघायचे. हळूहळू सगळ्याच विषयांचं तसं झालं. मी त्यासाठी एक पान बनवलं. शिक्षकांनी आपला व्हिडिओ निवडायचा, बटण दाबायचं, की एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडे भरत जाते आणि खाली टक्के दिसतात. त्या पट्टीचा मला फार अभिमान होता.

सर पहिल्याच दिवशी आले, बटण दाबलं आणि खुर्ची ओढून पट्टीसमोर बसले. मी म्हटलं, सर, फाईल मोठी आहे, तास-दीड तास लागेल, तिची ती जाईल, तुम्ही चहा घेऊन या. सर म्हणाले, एकटीला सोडून कसं जायचं. मला वाटलं विनोद केला. पण सर आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसे बसून राहिले, आणि थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "कुठवर आली?"

पडद्यावर दिसत होतं ते मी वाचून दाखवलं. सदतीस टक्के.

मग काय, शंभर कशाचे इथपासून सुरुवात झाली. मी त्यांना फाईलचा आकार, नेटचा वेग, सगळं समजावून सांगितलं. वर्गातल्या ढ मुलाचं ऐकून घ्यावं तशा शांतपणे त्यांनी माझं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अर्चना, तुझा भाऊ धर्माबादहून नांदेडला निघाला. तू फोन करून विचारलंस, कुठवर आलास. तर तो काय सदतीस टक्के आलो म्हणतो का?"

"नाही सर. उमरी गेलं म्हणतो."

"मग?"

तेवढ्यात लाईट गेली. परत आली तेव्हा पट्टी शून्यावर जाऊन बसली होती आणि फाईल पहिल्यापासून पाठवावी लागणार होती. सर म्हणाले, गाडी औशात बंद पडली म्हणून माणूस लातूरला परत येऊन पहिल्यापासून निघतो का? हेही बरोबरच होतं. मोठ्या फाईलचे तुकडे करायचे, एकेक पाठवायचा, कोणता पोचला त्याची आठवण ठेवायची आणि मध्येच खंड पडला तर तिथूनच पुढं निघायचं, अशी सोय करता येते. ते काम मी पुढच्या महिन्यावर ढकललं होतं. सरांनी रोज जिन्याखाली येऊन इतकं डोकं खाल्लं, की मी ते आठवड्याच्या आत उरकलं.

राहिली टक्क्यांची गोष्ट. मी म्हटलं, टक्क्यांऐवजी गाडीच्या रस्त्यावरची गावं घालू, लातूर ते नांदेड. सर म्हणाले, गाडीचा रस्ता नको, पायी चालायचा घाल. आणि न अडखळता त्यांनी सांगितलं: फाटा, ओढा, वेस, मारुती, चावडी, आड, घर. मी विचारलं, हे कुठलं गाव? तर म्हणाले, "हाय एक. औशाच्या पुढं." वय झालेल्या माणसांना असली खुळं असतात. महिनाभर त्यांचं ऐकत बसण्यापेक्षा सात शब्द टाईप करणं स्वस्त होतं. मी केले.

पण ते पान सगळ्या शिक्षकांचं होतं, त्यामुळे सगळ्यांच्याच फाईली आता त्या वाटेनं चालू लागल्या. रसायनशास्त्राचे पवार सर म्हणजे क्लासातले अधिकृत टवाळ. ते स्टाफरूममधून ओरडायचे, माझं सेंद्रिय रसायनशास्त्र ओढ्यात बसलंय, कुणी तरी हात द्या. जीवशास्त्राच्या कदम मॅडम विचारायच्या, मारुतीपाशी फाईल चप्पल काढून जाते का? दुपारी नेट मंदावलं, की सगळ्यांचं घोडं नेमकं वेशीत अडायचं. त्यावर पवार सरांनी शोध लावला, की बिराजदारांच्या भाऊबंदांनी वेशीत जकात नाका टाकलाय. बिराजदार सरांना या थट्टेचा राग येईल असं मला वाटायचं. पण ते अशा वेळी हातातलं काम थांबवून ऐकायचे. त्यांच्या चेहऱ्यावर चक्क समाधान असायचं. मला त्याचं नवल वाटलं, आणि मी ते सोडून दिलं.

मग एक दिवस संचालक नांदेडच्या काही बड्या पालकांना आणि पुण्याच्या एका पाहुण्याला डिजिटल विभाग दाखवायला घेऊन आले. जिन्याखाली चार माणसं वाकून उभी राहिली. पडद्यावर कदम मॅडमची फाईल 'चावडी'वर होती. पाहुण्यांनी विचारलं, ही कसली चावडी? संचालकांनी हसून वेळ मारून नेली आणि पाहुणे गेल्यावर माझ्याकडे आले. सोमवारपर्यंत टक्के परत आले पाहिजेत, म्हणाले. पालक इथं टक्के बघायला येतात, खेडं बघायला नाही. तसं त्यांचंही खरंच होतं.

बिराजदार सरांना हे कळलं तेव्हा ते उठून संचालकांच्या केबिनमध्ये गेले. हा माणूस पगारवाढीसाठी कधी त्या केबिनची पायरी चढला नव्हता. आत काय झालं ते पवार सरांनी दाराला कान लावून ऐकलं आणि सगळ्यांना सांगितलं. रविवारी पहाटेची बॅच बिराजदार सर कितीतरी वर्षं टाळत आले होते. ती घेतो, पण तेवढी नावं राहू द्या, असं ते म्हणत होते. संचालकांनी बॅच पदरात पाडून घेतली आणि नावं दिली नाहीत. व्यवहार असा असतो.

सात शब्दांसाठी रविवारची झोप द्यायला निघालेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. शनिवारी दुपारी ते आपला व्हिडिओ चढवायला आले, तेव्हा मला त्यांची कीव आली. मी म्हटलं, सर, एखाद्या दिवशी तुमच्या गावाला जाऊ, छान फोटो काढू, वेशीचा, मारुतीचा. साहेबांना दाखवू. फोटो आवडले तर त्यांचं मन वळेल.

सर पट्टीकडे बघत होते. म्हणाले, "जाऊन काय बघणार? बाभळी आल्यात तिथं."

मग त्यांनी सांगितलं. भूकंप झाला तेव्हा सर लातुरात होते. नवी नोकरी होती, भाड्याची खोली होती. गावात आई एकटी. सकाळी ते एका ट्रकमध्ये उभं राहून फाट्यापर्यंत गेले आणि तिथून चालत निघाले. ओढा होता. पुढं वेस नव्हती. वेशीच्या पुढं नुसते दगड आणि माती, गल्ली म्हणून काही उरलंच नव्हतं. मदतीला आलेले जवान विचारत होते, तुमचं घर दाखवा, कुठं खोदायचं?

"फाट्यापासून घरापर्यंत मी अंधारात जायचो," सर म्हणाले. "कधी बॅटरी लागली न्हाई. त्या दिवशी लख्ख उजेड होता आन मला आमचं घर कुठं हाय ते कळंना. मी एक जागा दाखवली. त्यांनी खोदली. ती दुसऱ्याची निघाली."

आई दुसऱ्या दिवशी सापडली.

भूकंपाच्या वेळी मी पाळण्यात होते. आमच्याकडे फडताळातली भांडी वाजली होती, एवढंच घरी सांगतात. सर पुढं सांगू लागले. गाव दुसरीकडे नव्यानं वसवलं. चांगलं आहे, घरं पक्की आहेत, रस्ते सरळ आहेत. पण कुठं राहता विचारलं, तर लोक नंबर सांगतात. म्हणून ते जुनी वाट रोज एकदा मनात म्हणतात, पाढ्यासारखी. नाही म्हटली तर ओळ चुकेल आणि एखादं ठिकाण गळून जाईल याची त्यांना भीती वाटते.

मी घाईघाईनं म्हटलं, सर, इतरांना टक्के दाखवते आणि फक्त तुमच्यासाठी नावं ठेवते. साहेबांना पत्ताही लागणार नाही.

"माझ्यासाठी कशाला? मला पाठ हाय," सर म्हणाले. "मी एकलाच म्हणत बसलो, तर ते गाव खरंच होतं का मीच रचलं, असं वाटाय लागतं. हे पवार, ही कदम बाई, हे म्हणायलेत ते बरं वाटायलं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की वाटतं, हाय."

सोमवारी मी टक्के परत आणले. हाताला जड वाटलं, पण आणले. सरांनी रविवारची बॅच तरीही घेतली, कारण शब्द दिला होता. मात्र आता ते पट्टीसमोर बसेनासे झाले. येऊन बटण दाबायचे आणि चहाला निघून जायचे. एकटीला सोडून. मला त्यांचा आणि त्याहून जास्त त्या पट्टीचा राग यायचा. त्या गावाचं काय झालं ते मी कुणाला सांगितलं मात्र नाही.

दोन-तीन आठवडे असेच गेले. एका दुपारी स्टाफरूममध्ये चहा चालला होता आणि मी तिथं उपस्थितीचं यंत्र दुरुस्त करत होते. पवार सरांचा एक मोठा व्हिडिओ चढत होता आणि तो त्यांच्या फोनवर दिसत होता. कदम मॅडमनी सहज विचारलं, कुठवर आला? पवार सरांनी फोनकडे बघितलं. तिथं आकडा होता, पण तो त्यांनी वाचला नाही.

"चावडी आली," ते म्हणाले. "आता मारुती, मग आड, की झालं."

कदम मॅडमनी बिस्कीट चहात बुडवता बुडवता सांगितलं, की तुमचं चुकतंय, मारुती आधी, चावडी नंतर. पवार सर म्हणाले, तुम्ही जीवशास्त्रवाले, तुम्हाला रस्ते काय कळणार, चावडी आधी. मॅडम हटेनात. दोघंही खऱ्या रस्त्यावरून भांडावं तसे भांडू लागले. त्या रस्त्यावर दोघांपैकी कुणी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. शेवटी पवार सर कोपऱ्यात बसलेल्या बिराजदार सरांकडे वळले आणि म्हणाले, तुम्हीच सांगा बुवा, गाव तुमचं आहे.

सरांनी कप खाली ठेवला.

"मारुती अगोदर," ते म्हणाले. "पारावर लोक बसलेले असत्यात, त्यांना राम राम करायचा. मग चावडी. चावडीपासून उजव्या हाताला आड. आडापासून तिसरं घर."

"तिसरं," पवार सर म्हणाले. "कुणाचं ते?"

"आमचं. आई ओसरीवरच असती."

पवार सरांनी मान डोलावली. ते हरले होते, पण हरलेलं त्यांच्या मनाला लागत नसे. बोटांवर मोजत त्यांनी पुन्हा पहिल्यापासून म्हणून बघितलं, या खेपेला बरोबर: फाटा, ओढा, वेस, मारुती, चावडी, आड, घर. कदम मॅडमनी त्यांच्या मागोमाग म्हटलं. बिराजदार सर डोळे मिटून नुसते ऐकत होते.