घोंगडी आळीतील चालू मागाबाबत

सन २००३ मध्ये जुन्नरच्या घोंगडी आळीला इतिहास असल्याचे पुरातन आळी संवर्धन समितीच्या निदर्शनास आले. समितीचे सचिव हौशीराम. जन्म याच आळीतला, बंगला वारूळवाडीला. पूर्वी आळीत चाळीस माग होते. आता एकच उरला होता, यमाजीचा. सकाळी आळीभर लोकरीचा ताणा पसरायचा, त्याला चिंचोक्याची खळ लावायची आणि मग दिवसभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणत बसायचं, याखेरीज त्या गड्याला दुसरं काही येत नव्हतं. समितीवाले आले तेव्हा त्यानं तीन दिवस माग बंद ठेवून सगळी माहिती सांगितली, वर चहा पाजला. आळीचं नाव होणार म्हणून गडी लई खूश!

पंधरा दिवसांनी नोटीस आली. ‘सदर आळी पुरातन घोषित करणेस अडचण अशी की, सदर कला अद्याप चालू आहे.’

यमाजी तडक सचिवांकडे गेला. “हौशीराम, मी इणतो म्हणून तर आळीला इतिहास हाय ना?”

“यमाजीभाऊ, नियमात ‘लुप्त कला’ लिहिलंय. तुमी चालू, तर लुप्त कशी दाखवू? तुमच्यापायी फाईल अडलीय राव.”

“मग मी काय मरू?”

“छे छे, तेवढं नियमात न्हाई. माग बंद केल्याचं नुस्तं लिहून द्या.”

“अन् उद्यापासनं करू काय?”

हा विषय समितीच्या कक्षेत येत नव्हता.

मग पाहुणे येतील, धंदा होईल म्हणून आळी हात धुऊन त्याच्या मागं लागली. ज्यांच्या बापांनी माग फोडून चुलीत घातले, ते त्याला वारसा शिकवायला आले. खळीच्या वासानं नाकाला पदर लावणारी समोरची कोंडाबाईसुद्धा म्हणाली, “एकट्यापायी समद्या आळीचं वाटोळं करताय व्हय?”

“जित्या माणसाला लुप्त म्हणताय, लाजा वाटत न्हाईत का?” यमाजीची बायको तानूबाई कडाडली. पण आळीला नाही म्हणणं यमाजीला जन्मात जमलं नव्हतं. त्यानं सही केली आणि घरी येऊन पोरासारखा रडला.

समितीनं माग काढून खड्डा सिमेंटनं बुजवला आणि वर विणकराचा पुतळा बसवला, चांगला मांडी घातलेला. “मांडी घालून कोन माग चालवतं?” यमाजीनं विचारलं. त्यासाठी तज्ज्ञ नेमल्याचं त्याला कळवण्यात आलं.

रविवारी पुण्याहून गाड्या येऊ लागल्या. तुम्हीही आला होतात. पुतळ्याखालची ‘लुप्त कला’ ही पाटी वाचून “केवढी कला गेली हो!” म्हणत मनापासून हळहळलात. तेवढ्यात एक म्हातारा जवळ आला. “पावणं, मला येतं इणायला. हात अजून चालत्यात. एक करून देऊ का?”

तुम्ही हसलात आणि फोटोत येतोय म्हणून त्याला जरा बाजूला व्हायला सांगितलंत.