पाठीवरचे बंद

सकाळी कुकरची दुसरी शिट्टी झाली की आमची बेल वाजायची. दारात गायकवाडबाई, आमच्याकडे पाठ करून उभ्या. "बांध गं, शैला."

अंबरनाथला आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये त्या एकट्या राहायच्या आणि उल्हासनगरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायच्या. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, पण बाई दोनशे वर्षं मागे. जुन्या चित्रांतले कपडे हुबेहूब शिवायच्या आणि रोज वापरायच्या. तेव्हाच्या बायका कशा वाकत, कशा दळत, हे म्हणे "अंगात घातल्याशिवाय कळत नाही". आपल्याकडच्या चोळीची गाठ पुढे असते, हे मलाही माहीत आहे. पण यांना सापडलेल्या चित्रातल्या बाईचे बंद नेमके पाठीवर. स्वतःचे हात तिथे पोचत नाहीत. म्हणून मी.

कापड आणायलाही मीच सोबत. उल्हासनगरच्या कॅम्प एकमधला सिंधी दुकानदार बिचारा समजावत होता, "दीदी, टेरिकॉट लो, सालों नहीं फटेगा."

बाई म्हणाल्या, "फटना चाहिए. किधर फटता है, वो देखना है."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

एका टाक्याचीही सूट नाही. एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो, पाठीवर हुक लावा ना." आठवडाभर बोलल्या नाहीत. बंद मात्र रोज बांधून घेतले. आणि बांधून झाले तरी सुटका कुठली? "सैल वाटतंय, पुन्हा बांध. हं, सासूबाईंचा गुडघा कसा आहे?" तोवर माझी तव्यावरची पोळी करपलेली.

मग आम्हाला बदलापूरला मोठा ब्लॉक मिळाला. टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा बाई आल्या. या खेपेला तोंड माझ्याकडे होतं. चोळीचे बंद पुढे आणलेले, गाठ स्वतःच मारलेली.

"हे चूक आहे," त्या म्हणाल्या. "चित्रात असं नाही. पण चित्रातल्या बाईच्या घरात कोणीतरी असणार गं. ते अंगात घातल्यावरच कळलं."

मला भयंकर राग आला. त्यांचा, टेम्पोचा, बदलापूरचाही. डोळ्यांत पाणी आलं ते वेगळंच. "उसवा ते आधी," मी म्हटलं. "एक स्टेशन तर आहे. रविवारी सकाळी या."

बाईंनी पदर सारखा केला.

"कुकर लावायच्या आधी येऊ, की नंतर?"