रडण्याचा पुरावा

लढाई विलायतेत चालू होती.

शिवप्पा सावकारांच्या नातवाला गूळ फार आवडत असे.

हैदराबादेत कुणा साहेबाला वाटलं, की भूक बनावटही असू शकते.

नागूबाईच्या टोपल्यात अर्धी भाकरी होती.

तेरच्या चावडीवर या चार गोष्टी एकत्र आल्या, त्या अशा. लढाईनं धान्य महागलं, म्हणून उपाशी मुलांना सरकारातून कण्यांची पेज मिळू लागली. मात्र भरल्या पोटाच्या मुलांनी सरकारला फसवू नये, यासाठी हुकूम निघाला: भूक डोळ्यांना दिसत नाही, रडणं कानांना ऐकू येतं, सबब मुलानं पेशकारांसमोर रडून आपली भूक शाबीत करावी.

पहिल्या दिवशी शिवप्पांनी नातवाच्या हातातला गूळ काढून घेतला. पोर असं रडलं, की चावडीवरची कबुतरं उडाली. पेशकार हिंमतरावांनी त्याला दोन वाट्या पेज मंजूर केली. नागूबाईची गोदा मात्र भिंतीला टेकून गप्प बसली.

"रडत नाही, म्हणजे तृप्त आहे," पेशकार म्हणाले.

"सायब, रडायला अंगात बळ न्हाय वो तिच्या. परवापास्नं पोटात कायबी न्हाय."

"बळ घेऊन या. हुकुमात बळ पुरवायची तरतूद नाही."

संध्याकाळी नागूबाईला मजुरीत ती अर्धी भाकरी मिळाली. दुसऱ्या दिवशी निघताना तिनं ती स्वतः न खाता पाण्यात कुस्करून लेकीला चारली. चावडीवर गोदा फार सुरेख रडली. पेशकारांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग वाकून तिच्या हनुवटीवरचा भाकरीचा कण टिपला.

"ही तर जेवून आली आहे!"

"तुमच्याच म्होरं रडाय चारलं की, सायब!"

"उद्या उपाशी आणा. पण रडली पाहिजे."

"मग म्याच रडते. म्याबी उपाशीच हाय."

"बाई, मोठ्यांचं रडणं आमच्या खात्याकडं येत नाही."

हे ऐकून तिथं जमलेल्या आम्हा गावकऱ्यांना गहिवरून आलं. "द्या की वो पेशकारसायब, लेकरू हाय!" आम्ही एका सुरात म्हणालो. इतक्या दयाळू गावापुढं हुकूमही नरमला. पेशकारांनी मान हलवली. गोदानं वाटी पुढं धरली. डाव पातेल्याच्या तळाशी खडखडला आणि रिकामाच वर आला.

त्या दिवशी सकाळी, मुलं यायच्या आधी, पेजेत मीठ बरोबर आहे की नाही हे पाहायला आपण सगळे एकेक वाटी घेऊन चावडीवर गेलो होतो.